दहा लाखाला एक कमी

१

आधी मला एक सांगा. तुमच्यापुढे दोन माणसे उभी आहेत. एकजण दाणा दाणा मोजून "इतके" म्हणतो. दुसरा ढिगाकडे नुसती नजर टाकून "इतके" म्हणतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. विश्वास कोणावर ठेवाल? सावकाश विचार करा. मी स्वतः दुसऱ्या पंथातला. मला कोणी हा प्रश्न घातला असता तर मी बेधडक स्वतःचेच नाव सांगितले असते.

मी भैरूशेट, रविवार पेठेतला तांदूळवाला. पंतोजींकडे गेलो ते जेमतेम चार महिने. पुढचे पाढे मावळातून तांदूळ आणताना बैलांच्या मागून चालत पाठ केले. बैल थांबला की पाढा थांबायचा. एक बैल नेमका औटकीच्या, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याच्या, मध्यावर ओढ्याशी पाणी प्यायला थांबे, म्हणून आजही सात औटकीला मी क्षणभर अडखळतो. पण गोणीवर हात ठेवून आत किती शेर आहे ते सांगण्यात पुण्यात माझ्या तोडीचा कोणी नव्हता, हे माझे वैरीही कबूल करतील.

मोजदादीवरून आठवले. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. शेजारच्या गल्लीतल्या एका सासूबाईंनी बत्तीसच दिले आणि वर म्हणाल्या, "मोजून दिलेत हो." जावई पुण्याचाच. त्याने तिथेच पानावर मांडून मोजले आणि म्हणाला, "मोजलेत खरे. दिले नाहीत." पुढची बारा वर्षे त्या घरी कोणी अनारसे तळले नाहीत.

मी जे सांगणार आहे तेही अधिक महिन्यातले, शके सतराशे आठ-नऊच्या सुमाराचे. त्या महिन्यात बायका देवाला लाखोली वाहतात. कोणी लाख तुळशीपत्रे, कोणी लाख फुले, कोणी लाख अक्षता. घरी मोजायला वेळ नाही आणि पदरी पैसा आहे अशा घरांसाठी मी तांदळाचा तयार लाख विकत असे. 'मोजीव लाख' म्हणून त्याचे नाव झाले होते.

मोजायला हिंगण्याची सोजरबाई होती. शंभर दाणे झाले की एक चिंचोका बाजूला, हजार चिंचोके झाले की लाख. पहिल्या वर्षी तिने असा एक लाख मोजला, तो मी एका तपेलीत ओतला आणि तांदूळ जिथवर आला तिथे खिळ्याने रेघ मारली. त्यानंतर मोजणी कशाला हवी? रेघेपर्यंत भरायचे आणि मोजीव म्हणून द्यायचे. सोजरबाईला मी निवडण-टिपणाला ठेवून घेतली. ती रेघेकडे बघून एवढेच म्हणाली, "रेघंला डोळं हायत व्हय, शेट?"

मी हसलो. देव काय दाणे मोजायला बसतो आहे, असे मला वाटे.

२

आप्पासाहेब दुकानी आले ते भर दुपारी. एका सरदाराच्या पागेचा कारभार पाहून आता घरी बसलेले गृहस्थ. नारायण पेठेत राहत. अंगरखा स्वच्छ, बोलणे मोजके.

"सात दिवस तांदूळ हवेत," ते म्हणाले. "रोज एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न."

"देवाने सत्तावन्न कशाला मागितले, साहेब? साठ करू. तीन माझ्याकडून."

"तीन आपल्याकडेच असू द्यात."

"बरे, आकडा तरी कुठून काढलात?"

"आपल्याकडे तांदूळ मिळतात ना? की पंचांगही सांगता?"

पुण्यात असे बोलणे मनाला लावून घेतले तर धंदा करता येत नाही. मी पान पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही.

"मोजलेले हवेत," ते म्हणाले.

"आमच्याकडे मोजीवच मिळतो."

मागे सोजरबाई सूप झटकत होती. तिने ते जरा जोरात झटकले.

३

पहिले दोन दिवस मी खरेच मोजून घेतले. आकडाच असा आडनिडा, की त्याला रेघ नव्हती. सोजरबाई आणि तिने आणलेल्या चार बायांनी दुकानात बसून चौदाशे अठ्ठावीस चिंचोके आणि वर सत्तावन्न दाणे केले. मी तपेलीवर दुसरी रेघ मारून ठेवली, पुढच्या दिवसांसाठी.

आप्पासाहेबांचे घर लहान, नव्या बांधणीचे. भिंतींना अजून चुन्याचा वास. ओटी, मधले घर आणि त्याला लागून एक खोली. खोलीच्या दाराला पडदा. घरात दुसरे माणूस दिसले नाही. त्यांनी तांदूळ परातीत ओतून घेतले आणि विचारले, "मोजलेत?"

"मोजले."

त्यांनी धूळपाटीवर बोटाने आकडा लिहिला : १,४२,८५७. मग परात घेऊन खोलीत गेले. मी ओटीवर पाणी पीत बसलो. आतून पाट सरकल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग तिसरा. सहा वेळा. जेवायला माणसे बसतात तसा. पण माणसे बसताना खाकरतात, बोलतात, 'अहो, जरा तिकडे' म्हणतात. इथे नुसते पाट.

निघताना पडदा वाऱ्याने हलला. आत सहा पाट ओळीने मांडलेले, रिकामे. प्रत्येकापुढे तांदळाचा ढीग. ढीग पाहून मुठी सांगणे हा माझा धंदा. पहिल्या पाटापुढे एक मूठ, दुसऱ्यापुढे चार, मग दोन, आठ, पाच आणि शेवटी सात. मांडण्याची काही रीत असेल, असे म्हणून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर दोन दिवसांची बेरीज लिहिली : २,८५,७१४. पडदा हलला तेव्हा ढीग असे होते : दोन, आठ, पाच, सात, एक, चार.

मला मौज वाटली. संध्याकाळी घरी जेवायला बसता बसता मी मथुरेला ते सांगितले. मथुरा म्हणजे आमचे कुटुंब. ती आकड्यांत माझ्यापेक्षा चलाख, फक्त तसे दाखवत नसे.

"तिप्पट करा बघू," ती म्हणाली.

मी केली. ४,२८,५७१.

"अगबाई. म्हणजे पंगतीला माणसे तीच सहा. नुसते पाट बदलून बसतात." ती तोंडाला पदर लावून हसली. "कोणाच्या शेजारी कोण, तेही बदलत नाही बघा. एकाच्या पुढे चार, चाराच्या पुढे दोन. ओळ गोल फिरतेय. किती दिवस चालेल असे?"

"सातही दिवस चालेल," मी म्हणालो.

न मोजता म्हणालो. सवयच ती.

४

तिसऱ्या दिवसापासून मी रेघेने भरू लागलो. अधिकातली गर्दी, पाच बाया एकाच गिऱ्हाइकात अडकवून कसे चालेल? भरलेले गाठोडे सोजरबाई संध्याकाळी हिंगण्याला घेऊन जाई आणि सकाळी लकडी पुलावरून परत आणी. "कण्या निवडून आणते," म्हणे. "तुटका दाणा अक्षता न्हवं." मी म्हटले, निवड बाई, तुझ्या पायांना काम.

"मोजलेत?" आप्पासाहेबांनी विचारले.

"मोजले."

त्यांनी पाटीवर लिहिले. मथुरेने काढायला लावलेला आकडाच तिथे उतरला. मी स्वतःशी म्हटले, शंभर-दोनशे दाण्यांनी असे काय होणार आहे?

चौथ्या दिवशी पाट सरकण्याचे आवाज झाले आणि त्यांच्यामागे कापडाची सळसळ ऐकू आली. पाहुणे आलेले दिसतात, मी म्हटले. नारायण पेठेत पाहुण्यांचा काय तोटा. पण ओटीवर जोडे फक्त माझेच होते.

पाचव्या दिवशी आप्पासाहेब पाणी आणायला परसात गेले. मी, खोटे कशाला बोलू, उठून पडद्यापाशी गेलो. सहाजण बसले होते, माझ्याकडे पाठ करून. शाली पांघरलेल्या. एक अगदी काटकुळा, एक पाटावर न मावणारा आडवा, बाकीचे मधल्या अंगलटीचे. प्रत्येकापुढे त्याचा ढीग. कोणी हलत नव्हते. दुपारचे ऊन गवाक्षातून थेट त्यांच्यावर पडले होते, आणि तेवढ्या उन्हात भिंतीवर एकाचीही सावली नव्हती.

मी ओटीवर येऊन बसलो. ऊन तिरपे असेल. गवाक्ष उंच असेल. सावलीचा हिशोब मी कधी शिकलो होतो? आप्पासाहेबांनी दिलेला तांब्या घेतला आणि पाणी अंगरख्यावर सांडले.

"उष्मा फार," ते म्हणाले.

५

सहाव्या दिवशी पाटीवर ८,५७,१४२ लिहून झाल्यावर ते म्हणाले, "उद्या उद्यापन. उद्याचे तांदूळ आपल्या घरच्या सवाष्णीच्या हाती पाठवा. दुपारी बाराच्या आत. इथेच जेवतील."

"साहेब, आपल्याकडे सवाष्णींना काय कमी?"

"एकच कमी आहे," ते म्हणाले. "सहा पाट घरचे आहेत. सातवा बाहेरचा लागतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भैरूशेट, सहाही दिवस मोजलेत ना?"

"मोजीव म्हणूनच तर माझे नाव आहे."

त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या माणसाला वाट दाखवावी आणि तो ऐकून न घेता भलतीकडे वळावा, तसा तो चेहरा होता.

उद्यापनाचे आमंत्रण नाकारण्याची रीत आपल्यात नाही. मथुरा तर खुशीत होती. सकाळी तिने जांभळे लुगडे नेसले, खोप्यात सोनचाफा घातला. चोळीच्या पाठीवर एक धागा निघालेला, तो तोडायला मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या, उसवेल." सोजरबाईने आणलेले गाठोडे हमालाच्या डोक्यावर देऊन ती निघाली. हमाल परत आला आणि म्हणाला, "बाईंना आत घेतलं. पडद्याच्या आत."

६

दुकानात गिऱ्हाईक नव्हते. मी सहज धूळपाटी ओढली आणि सातवी बेरीज केली.

९,९९,९९९.

पुन्हा केली. तेच. सहा दिवस पंगतीतली माणसे पाट बदलत होती. सातव्या दिवशी सहाही पाटांवर एकच माणूस. आणि ती बेरीज दहा लाखाला एक कमी. एक कमी पडतो, तो बाहेरचा लागतो.

मी स्वतःला पुष्कळ समजावले. भैरूशेट, आकडे हे आकडे असतात. पण पाटीवरून नजर हटेना.

सोजरबाई सूप घेऊन बसली होती. मी तिला सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "एक कमी? मग एक दाणा टाका की. त्यात काय एवढं?"

"एकच कमी कशावरून?" मी म्हणालो, आणि तेव्हा मला माझ्या रेघेचा अर्थ कळला. "तिसऱ्या दिवसापासून मी एकही दाणा मोजलेला नाही. दोनशे कमी असतील, चारशे जास्त असतील. काय टाकू? किती टाकू?"

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मथुरा त्या पडद्याआड होती, आणि तिला बाहेर आणायला जो आकडा हवा होता तो सगळ्या पुण्यात कोणाजवळ नव्हता. कारण तो ठेवणे माझे काम होते.

सोजरबाईने सूप खाली ठेवले.

"शेट, रागावू नका. तिसऱ्या दिशी दोनशे चार कमी हुते. चवथ्याला शंभरावर सोळा जास्ती. पाचव्याला पुन्यांदा कमी. तुमची रेघ रोज येगळं बोलती. म्या, दोन जावा, दोन सुना, पाच जणी बसायचो. कमी ते घातलं, जास्ती ते काढलं. आजचंबी मोजलंय. चौदाशे अठ्ठावीस चिंचोकं न् वर सत्तावन. सातीबी दीस."

"तुला कोणी सांगितले होते?"

"कुणी न्हाई. तुम्ही मोजीव म्हनून इकता. माझं हात त्यात हायत. देवाला खोटं कसं द्यायचं?"

मी गोणीत हात घातला, एक दाणा काढला. तिने तो उन्हाकडे धरला. "टोक मोडलंय." दुसरा काढला. "ह्योबी न्हाई." देवळातली घंटा होत होती, बारा व्हायला आले होते, आणि ही बाई दाणे निवडत होती. तिसरा तिने माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ मिटवली. "आता पळा. म्या हायेच मागं."

७

ओटीवर आप्पासाहेब धूळपाटी मांडीवर घेऊन बसले होते. पाटीवर सहा नऊ लिहिलेले. मी काही न बोलता त्यांच्यासमोरून पडदा सारला.

सहाजणी बसल्या होत्या, पाठमोऱ्या. सहाजणींचे जांभळे लुगडे. सहा खोप्यांत सोनचाफा. सहाही पाठींवर, एकाच जागी, निघालेला धागा. प्रत्येकीपुढे नऊ मुठी. ओळीच्या डाव्या टोकाला सातवा पाट, त्यापुढे केळीचे पान, आणि तो रिकामा.

"अहो," मथुरेचा आवाज आला. "एवढ्यात आलात?"

कोणत्या पाटावरून आला ते कळेना. आणि मग सहाही माना, एकाच वेळी, माझ्याकडे वळू लागल्या.

मी डोळे खाली घातले. चेहरे पाहिले नाहीत. ही एवढी अक्कल मला कोणी दिली ते ठाऊक नाही, पण त्याचे उपकार मी रोज मानतो. चाचपडत पुढे झालो आणि सातव्या पाटापुढच्या पानावर दाणा ठेवला.

"मोजलेत?" मागून आप्पासाहेबांनी विचारले.

धापा टाकत सोजरबाई ओटीवर पोचली होती. "मोजलं," ती म्हणाली. "समदं म्या मोजलं. शेटनी न्हाई. शेट रेघंनं भरायचं."

"मी रेघेने भरत होतो," मी म्हणालो. "हिने मोजले. आणि हा एक वर आहे. तोही लिहा."

आप्पासाहेबांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. "आपणच लिहा."

मी उजवीकडून सुरुवात केली. नऊ आणि एक दहा. शून्य लिहिले, हातचा एक. आत एक पाट सरकला आणि लुगड्याची सळसळ थांबली. पुन्हा नऊ आणि एक दहा. शून्य. दुसरा पाट. सोजरबाई माझ्या मागे उभी राहून, जणू लहान पोराला शिकवावे तशी, प्रत्येक वेळी "हां" म्हणत होती. सहावे शून्य लिहिताना आतून कोणीतरी श्वास सोडल्यासारखे वाटले. मग उरला हातचा एक. तो मी सगळ्यांच्या डावीकडे लिहिला.

१०,००,०००.

वर पाहिले. सहा पाट रिकामे होते. त्यांच्यापुढे तांदळाचा एकही दाणा नव्हता, फरशी पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. सातव्या पाटावर, पानापुढे, मथुरा एकटी बसली होती आणि मागच्या भिंतीवर तिची सावली पडली होती.

"वाढायला कोणी येतच नाही," ती म्हणाली.

८

आप्पासाहेब आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. चौकटीला हात टेकून म्हणाले, "मागच्या अधिकात मोजणी मी केली होती. मीही हुशार होतो. तेव्हापासून मी घरात एकटा आहे." पुढच्या अधिकापर्यंत ते घर विकले गेले होते.

मथुरेला मी एकदाच विचारले, आत कोण होते? ती म्हणाली, "बायका होत्या. स्वभावाने चांगल्या. फक्त मी काही बोलायला जावे, तर माझ्या आधी तेच त्या बोलायच्या. शेवटी तर मला वाटू लागले, माझी काही गरजच नाही." मग ती पोळ्या लाटायला उठली. त्यानंतर ती एकवीस वर्षे माझ्याशी भांडली, हसली, मला तिप्पट-चौपट करायला लावून माझ्या चुका काढत राहिली. त्यातला एकेक दिवस मला सोजरबाईने मोजून दिलेला आहे, असेच मी मानतो.

सोजरबाईला मी दुकानात पाती, म्हणजे नफ्यातला वाटा, देऊ केली. ती म्हणाली, "पाती कशाला? दोन बाया वाढवून द्या, डोळं दुखत्यात." बाया वाढवल्या. ती गेली तेव्हा तिच्या मुलांबरोबर खांदा द्यायला मी हिंगण्याला गेलो होतो. पेठेतल्या काहींनी नाके मुरडली. मुरडू देत.

आता मी थकलो. तुम्ही धंद्यातले आहात, म्हणून तुम्हाला हात जोडून मागतो. जे मोजले ते मोजले म्हणून लिहा, आणि जे अंदाजाने भरले ते अंदाजाने भरले म्हणून लिहा. तुमच्या दुकानात कोणी न सांगता पुन्हा मोजत बसलेली असेल, तर तिचे नाव विचारून घ्या. आणि आज घरी जाण्याआधी, दिवसभराची मोजणी एकदा स्वतःच्या हाताने करा.